टर्नर राहू दे, आधी जुलै महिन्याचा विचार कर

पत्र (थोडं कमी करून देतोय):

नमस्कार काका, मी आणि माझा भाऊ राजापूर तालुक्यात सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) आमच्या दीड एकर जागेत कंपोस्टचं मोठं काम सुरू करतोय. एका आंबा कॅनिंगवाल्यांशी बोलणं झालंय, एप्रिल ते जून रोज ५ टन साल आणि चोथा मिळेल. बंदरावरून मासळीचा कचरा वर्षभर, रोज साधारण १ टन. शिवाय आमच्या आणि शेजारच्या बागांतला पातेरा (वाळलेली पानं), नारळाची सोडणं, झाप. ६० लाखांचं कर्ज मिळतंय. एका कंपनीने स्वतः चालणारा टर्नर ३८ लाखांना सांगितलाय, तासाला ४०० घनमीटर ढीग परततो. दुसरे एक जण २४ तासांत खत करणारं मशीन घ्या म्हणतात. भावोजी म्हणतात काही नको, सेकंडहॅण्ड जेसीबी घ्या बास. मार्चच्या आत ऑर्डर दिली तर टर्नरवर डिस्काउंट आहे. माझी झोप उडालीय, काय घेऊ?
– तुमची वाचक, राजापूर तालुका

अगं, आधी ते डिस्काउंट डोक्यातून काढ. मार्चच्या आत ऑर्डर, म्हणजे मशीन तुझ्या सड्यावर येणार मेमध्ये, आठ दिवस सुरेख चालणार, तुम्ही दोघं खूश, आणि मग जूनचा दुसरा आठवडा. कोकणात कंपोस्टचं कुठलंही मशीन घेताना ते फेब्रुवारीत डेमोला कसं चाललं हे बघून काही कळत नाही, ते १५ जुलैला सकाळी, चार दिवस झड लागलेली असताना, लाईट गेलेली असताना काय करेल एवढंच बघायचं. मी रत्नागिरीजवळ ११ वर्षं हे काम केलंय आणि पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक केली म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. ट्रॅक्टरला मागून लावायचा टर्नर घेतला होता, छप्पर पुढच्या वर्षी करू म्हटलं होतं. जुलैत ढिगांचा चिखल झाला, ट्रॅक्टर रुतला, वास गावात गेला आणि लोक घरी आले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आता हिशोब करू, कारण विकणारा माणूस हा हिशोब तुला करून देणार नाही.

तुझा ओला माल सीझनला रोज ६ टन. आंब्याची साल, चोथा, मासळी, सगळ्यात पाऊण हिस्सा तरी पाणीच. एवढ्या ओल्याला रोज दोन-अडीच टन कोरडं लागेल, पातेरा, श्रेडरने तुकडे केलेली सोडणं, लाकडाचा भुसा वगैरे. वजनाला हे कमी वाटतं पण आकाराने ते ओल्याच्या दुप्पट असतं, हे लक्षात ठेव. सगळं मिसळून रोज साधारण साडेआठ टन, म्हणजे १५ घनमीटरच्या आसपास मिश्रण. आता टर्नरने परतायचे लांब ढीग, ज्याला विंड्रो म्हणतात, ते ३ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच धरले तर रोज ५ मीटर लांबीचा ढीग तयार होतो. चाळीस दिवस तो सक्रिय राहणार म्हणजे २०० मीटर, म्हणजे ४० मीटरच्या पाच ओळी, मध्ये फिरायला जागा, टोकाला वळायला जागा, सगळं धरून १६-१७ गुंठे. आणि तुझ्याकडे पाऊस पडतो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. १७ गुंठ्यांवर तेवढा पाऊस म्हणजे ५० लाख लिटर पाणी. ते सगळं तुझ्या ढिगांतून काळं होऊन खाली उतरणार. ढिगात ओल ५० ते ६० टक्के पाहिजे, त्याच्या वर गेली की हवा जायच्या फटी पाण्याने भरतात, आतले हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात आणि कुजकट वासवाले त्यांची जागा घेतात. मग टर्नर कितीही भारी असला तरी तो ओला लगदा इकडून तिकडे फेकतो, एवढंच.

म्हणजे एक तर १७ गुंठ्यांवर छप्पर, नाहीतर टर्नर विसरायचा. ३८ लाख टर्नरला गेल्यावर छपराला काय उरतं ते तूच बघ.

आणखी एक. तासाला ४०० घनमीटर ना? तुझे सगळे ढीग मिळून सीझनच्या ऐन भरात ६०० घनमीटर, तेही बसत बसत कमीच होत जाणार. म्हणजे मशीन एका फेरीला दीड तास चालणार, आठवड्यातून दोन-तीनदा. कॅनिंग संपलं की जुलैपासून मार्चपर्यंत रोज एक टन मासळी आणि तिचं कोरडं एवढंच काम. वर्षातले नऊ महिने ते मशीन खाऱ्या हवेत उभं राहणार आणि हप्ता मात्र दर महिन्याला. शहराच्या शंभर-दोनशे टनांच्या प्लांटला टर्नर अगदी योग्य आहे, घाटावर साखर कारखान्यांच्या प्रेसमडसाठी (रस गाळून उरलेल्या गाळासाठी) वापरतात तिथेही योग्य आहे, तिथे पाऊस कमी आणि माल ढीगभर. तुझ्यासाठी नाही.

ट्रॅक्टरमागचा टर्नर स्वस्त पडेल असं कुणी सुचवलं तर त्यात एक खोच आहे ती विचार. ढीग परतताना ट्रॅक्टर अगदी गोगलगायीच्या चालीने, तासाला एक किलोमीटरच्याही खाली चालावा लागतो आणि त्याच वेळी पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला ताकद देणारा शाफ्ट, पूर्ण फिरत पाहिजे. त्याला क्रीपर गिअर लागतो आणि आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला तो नसतो. माझ्या ट्रॅक्टरला नव्हता. पहिल्या गिअरमध्येही तो ढिगावर चढून जायचा, ड्रायव्हर दिवसभर क्लचवर पाय ठेवून असायचा आणि दोन महिन्यांत क्लचप्लेट गेली.

मग काय घ्यायचं? माझं मत सांगतो, ढिगात खालून हवा सोडायची पद्धत. एरेटेड स्टॅटिक पाइल म्हणतात, १९७० च्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला सांडपाण्याच्या गाळासाठी ती बसवली आणि मग जगभर गेली. जमिनीवर भोकं पाडलेले पाइप, त्यावर वीतभर लाकडाचे तुकडे किंवा भरड सोडणं, त्यावर मिश्रणाचा दोन-सव्वादोन मीटर उंच ढीग, आणि सगळ्यात वर तयार कंपोस्टची वीतभर जाड गोधडी. बाहेर एक ब्लोअर, त्याला टायमर, अर्ध्या तासात चार-पाच मिनिटं हवा. तीन आठवडे ढीग उलथायचाच नाही. ढीग उंच आणि एकमेकांना चिकटून, मध्ये गल्ल्या नाहीत, म्हणून जागा खूप कमी लागते. तुझा २१ दिवसांचा माल ३१५ घनमीटर, तो लोडर फिरायच्या जागेसकट पाचेक गुंठ्यांत बसेल. पुढचं मुरवण आणि साठवण धरलं तरी दहा गुंठे. म्हणजे छप्पर निम्म्याच्या जरा वर.

आणि वास. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण तुझ्याकडे मासळी आहे. मासळीत नायट्रोजन भरमसाट, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण (नायट्रोजनच्या किती पट कार्बन) चार-पाचच्या आसपास, आपल्याला पाहिजे पंचवीस-तीस. असा ढीग पाचव्या दिवशी टर्नरने उघडलास की अमोनियाचा भपकारा खालच्या वाडीपर्यंत जाईल. हवेच्या ढिगात ती मासळी पोटात बंद असते, वरची कंपोस्टची गोधडी वास धरून ठेवते, आणि तीन आठवड्यांनी उघडशील तेव्हा काटे सोडले तर मासळी ओळखूही येत नाही. शिवाय रोगजंतू आणि तणांचं बी मारायला ढीग ५५ अंशांवर राहावा लागतो, त्यात अमेरिकेतला नियम असा आहे की हवेच्या ढिगात सलग ३ दिवस पुरतात आणि विंड्रोत १५ दिवस, त्या काळात किमान ५ वेळा परतून. जुलैत पंधरा दिवसांत पाच वेळा उघड्यावर परतणं कसं जमेल?

ब्लोअर घेताना किती हवा फेकतो एवढंच विचारू नकोस, किती दाबावर फेकतो ते विचार. मोकळ्या हवेत सगळेच पंखे जोरात वाटतात. ढीग अडवतो, त्यामुळे पाण्याच्या १०० ते २०० मिलिमीटर दाबावर किती हवा, हा आकडा कोटेशनवर लिहून घे, देत नसेल तर तो ब्लोअर नको. सेंट्रिफ्यूगल पाहिजे, भिंतीतला एक्झॉस्ट फॅन नाही. एक मोठा घेण्यापेक्षा छोटे तीन-चार घे, दोन ढिगांना एक असे, म्हणजे एक जळला तर बाकीचे चालू राहतील, आणि एक जास्तीचा कपाटात. हे छोटे ब्लोअर साध्या जनरेटरवर चालतात. पाऊस लागला की आपल्याकडे लाईट जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही हे तुला मी सांगायला नको. चार-सहा तास हवा नसली तर ढीग सहन करतो, दोन दिवस नाही.

हवा ढकलायची का ओढायची हा प्रश्न तुला कुणीतरी घालेलच. ओढली तर वासाची हवा एका पाइपातून लाकडाच्या तुकड्यांच्या फिल्टरमध्ये नेता येते, हे खरं, पण ती गरम, ओली, अमोनियाची हवा ब्लोअरच्या पोटातून जाते. वर समुद्राची खारी हवा. माझा साध्या लोखंडाच्या पात्यांचा ब्लोअर दुसऱ्या पावसाळ्यातच चाळणी झाला होता. तू ढकलणारी पद्धत घे आणि वरची गोधडी जाड ठेव. पाइप एचडीपीईचे घे, पीव्हीसी ढिगाच्या उष्णतेत मऊ पडतो आणि वरच्या वजनाने चपटतो.

या पद्धतीत एक अट मात्र आहे आणि ती पाळली नाही तर सगळं फुकट. ढीग नंतर हलवायचा नाही, म्हणून रचण्याआधीच मिश्रण नीट झालं पाहिजे. पट्ट्या राहिल्या, कुठे नुसता चोथा, कुठे नुसता पातेरा, तर हवा कोरड्यातून पळून जाते आणि ओलं तसंच सडतं. म्हणून तुझे भावोजी अर्धे बरोबर आहेत. तुला बकेटवालं मशीन लागणारच, तेच तुझं रोजचं मशीन आहे, टर्नर नाही. ते बंद पडलं तर कामच बंद.

पण जेसीबीच का? आपल्याकडे सगळे बॅकहो लोडरला जेसीबी म्हणतात, तो मागे खणायचा हात घेऊन फिरतो. छपराखाली वळताना तो हात खांबाला लागतो, आणि खणायचं काम तुला वर्षातून एकदा. तुला पुढे बकेट असलेला साधा लोडर पाहिजे, किंवा छोटी जागा असेल तर स्किड स्टीअर, ज्याला सगळे बॉबकॅट म्हणतात. कंपोस्ट हलकं असतं, म्हणून मातीची बकेट काढून मोठी बकेट बसवून घे, फेऱ्या जवळजवळ निम्म्या होतील. सेकंडहॅण्ड घ्यायला माझी काही हरकत नाही, उलट मी तेच सांगेन, फक्त पिना-बुश किती ढिले झालेत, हायड्रॉलिकचं तेल गळतं का, आणि सकाळी थंड इंजिन पहिल्या झटक्यात लागतं का, हे ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जाऊन बघ. आणि ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगून ठेव की ढिगावर चाक चढवायचं नाही. दाबलेला ढीग मेला समज.

आता श्रेडर, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रात तू त्याचं नावही घेतलेलं नाहीस आणि तुझं काम अडणार ते इथेच. ओला माल तुला लोक आणून देतील, पैसे देऊनही देतील. कोरडा माल तुला गोळा करावा लागणार आणि तो मिळतो जानेवारी ते एप्रिल, लागतो मे ते सप्टेंबर. आगोटीला आपण घरात सुकी मासळी, मसाला, लाकडं भरून ठेवतो ना, तसा पातेरा भरून ठेवावा लागतो. छपराखाली. काजू-आंब्याच्या बागांत लोक तो झाडून जाळतात, काही जण भाजावळीला नेतात, तर तू आत्तापासून वाडीवाडीत सांगून ठेव की जाळू नका, आम्ही नेतो. अख्खा पातेरा ठेवायला डोंगराएवढी जागा लागते आणि ढिगात त्याची पानं पापडासारखी एकावर एक चिकटून हवा अडवतात. म्हणून श्रेडर.

पण कुठला? कडबाकुट्टी पातेऱ्याला, झापाच्या पात्यांना ठीक आहे, सोडणाला नाही. हातोड्यावाला जोरात फिरणारा श्रेडर सुक्या फांद्या मस्त फोडतो, पण सोडण टाकलं की काथ्या शाफ्टला गुंडाळतो, मग मशीन बंद करून माणूस सुरी घेऊन बसतो. सोडण, पिढे, पोफळीच्या विऱ्या यांना हळू फिरणारा, दोन शाफ्टवाला, कात्रीसारखा कापणारा श्रेडर लागतो. तो महाग असतो. तरी माझं म्हणणं, पैसे घालायचे तर इथे घाल. डेमोला जाताना स्वतःची दोन पोती ओली सोडणं घेऊन जा, आणि एक तुटका नायलॉनच्या जाळीचा तुकडा पण, कारण बंदरावरच्या कचऱ्यातून जाळी येणारच आणि ती गुंडाळली की काय होतं, सोडवायला किती वेळ लागतो ते तुला तिथेच दिसेल. विकणारे नेहमी वाळलेल्या निलगिरीच्या फांद्या टाकून दाखवतात. पाती कुठल्या स्टीलची, धार कुठे लावून मिळते, लांजा-राजापूरच्या लेथवर बुश बनेल का कोल्हापूरला शिरोलीत जावं लागेल, हे सगळं ऑर्डरच्या आधी विचार. पार्टसाठी पुण्याहून माणूस यायची वाट बघताना दरड कोसळून घाट बंद, असं जुलैत होतं.

काजूची टरफलं कुणी फुकट देऊ केली तर घेऊ नकोस. त्यात तेल असतं, हाताची कातडी सोलवटून काढतं, जिवाणूंनाही ते चालत नाही. ती तेलवाले आणि भट्टीवाले घेतात. आंब्याच्या कोयी पण वेगळ्या कर, त्या वर्षभर ढिगात तशाच राहतात आणि श्रेडरची पाती बोथट करतात. ताज्या असतील तर नर्सरीवाले कोय कलमासाठी नेतात का ते विचारून बघ. आणि चोथ्याचा पहिला आठवडा आंबट जाणार, साखर असते त्यात, पीएच खाली येतो, ढीग तापायला रुसतो. घाबरू नकोस, कोरडं वाढव, जुन्या चांगल्या ढिगातलं दोन बकेट कंपोस्ट मिसळ, तापायला लागेल.

२४ तासांच्या मशीनबद्दल स्पष्ट सांगतो. चोवीस तासांत कंपोस्ट होत नाही. ते मशीन हीटरने माल वाळवतं आणि दळतं. हॉटेलला, सोसायटीला कचऱ्याचं वजन कमी करायला त्याचा उपयोग असेल, पण ते खत म्हणून विकू नकोस, तुझं नाव जाईल. स्वतः करून बघ, त्यांच्याकडून दोन किलो तयार खत माग, घरी आणून ओलं कर, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेव आणि मग उघड. पिकलेलं कंपोस्ट पावसानंतरच्या मातीसारखं वास देतं. ते मात्र सडका वास देईल, कारण कुजायचं काम सुरूच झालेलं नसतं, पाणी मिळाल्यावर ते सुरू होतं, आणि शेतकऱ्याच्या वाफ्यात हेच झालं तर ते कुजताना रोपांच्या मुळाशी उष्णता करतं, हवा खातं. शिवाय सहा टन ओल्या मालातलं पाणी विजेवर उडवायचं म्हणजे बिल काय येईल याचा विचार कर. ढिगाची उष्णता फुकट असते.

ट्रॉमेल, म्हणजे फिरती गोल चाळणी, यंदा घेऊ नकोस. ओलं कंपोस्ट चाळलं जात नाही, जाळी बुजते, आणि पावसात तुझं सगळं ओलंच असणार. पहिल्या वर्षी उतरती जाळी लावून फावड्याने चाळा, दोन माणसं लागतात. पुढे पोत्यात भरून, लेबल लावून विकायचं ठरलं तर खत नियंत्रण आदेश १९८५ लागू होतो, त्यात सिटी कंपोस्टला ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा, ओल १५ ते २५ टक्के, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २० च्या खाली, असं आहे. तुझा माल कुठल्या प्रकारात बसतो ते कृषी खात्यात विचारून घे, कारण त्यावर चाळणीचं भोक ठरतं, आणि भोक ठरल्याशिवाय ट्रॉमेल घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल घेणं. त्याच आदेशात क्षाराची मर्यादा पण आहे, ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरपर्यंत. तुझ्याकडे मासळी खाऱ्या पाण्यातून येते तेव्हा क्षार मोजायचं हजार-दोन हजाराचं ईसी मीटर आणून ठेव, ते तुला कुठल्याही मोठ्या मशीनपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडेल. मासळी आणताना बर्फाचं खारं पाणी बंदरावरच निथळून ये.

विक्रीचा वेळ बघूनच साठवणीची जागा ठरव. तुझा आंब्याचा माल एप्रिल ते जून येणार, सगळा पिकून तयार होणार सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. आंब्याला, माडाला खत घालतात पावसाच्या तोंडावर, म्हणजे तुझं पहिलं मोठं गिऱ्हाईक जूनमध्ये. भात निघाल्यावर कलिंगड, भाजी करणारे नोव्हेंबर-डिसेंबरात घेतील, बाकीचं जूनपर्यंत सांभाळावं लागणार. म्हणून मुरवण-साठवणीचं छप्पर कमी करू नकोस.

छप्पर आणि फरशी. मला वाटतं निम्मं कर्ज इथेच जाईल आणि जाऊ दे. ढिगाची वाफ पत्र्याला आतून लागते, ती थेंब थेंब पडते, अमोनिया आणि खारी हवा मिळून साधा पत्रा आतून खातो, तेव्हा आतल्या बाजूलाही चांगलं कोटिंग असलेला घे, नटबोल्ट हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीच्या बाजूला किती पत्रे घेऊन गेलं ते बघितलंयस ना, पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते. सड्यावर वारा अडवायला काही नाही, पत्रे धरायचे हूक दुप्पट लाव आणि पावसाची बाजू, म्हणजे नैऋत्य, खालपर्यंत झाक. उंची लोडरची बकेट पूर्ण वर गेल्यावरही जागा राहील एवढी, साडेपाच मीटर तरी. ढिगांच्या कप्प्यांच्या भिंती काँक्रीटच्या कर, चिऱ्याच्या भिंती लोडरच्या धक्क्याने सुटतात.

खाली कातळ आहे म्हणून फरशी लागणार नाही असं कुणी म्हणेल. ऐकू नकोस. जांभा पाणी पितो. ढिगाचं काळं पाणी त्यातून खाली उतरून कुणाच्या तरी विहिरीत जाईल आणि सड्याखालच्या वाड्यांचं पाणी तिथूनच येतं. काँक्रीट कर, शंभराला एक-दोन उतार दे, कडेला गटार, गटार टाकीत. टाकीतलं पाणी पुढच्या कोरड्या मिश्रणावर शिंपडायला लागतंच. बाहेरचं पावसाचं पाणी वरच्या अंगाला चर मारून वळव, ते या पाण्यात मिसळता कामा नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेताना हेच विचारतील, त्यामुळे नकाशातच दाखव.

तर क्रम असा धर: फरशी आणि छप्पर, मग लोडर, मग श्रेडर, मग ब्लोअर आणि पाइप, जनरेटर. मीटरभर लांब दांड्याचे दोन थर्मामीटर आजच मागव, ते किरकोळ किमतीत येतात आणि ढीग जिवंत आहे का मेलाय ते तेच सांगतात. प्रत्येक मोठ्या मशीनच्या ऑर्डरमध्ये १० ते १५ टक्के पैसे ऑगस्टनंतर देईन असं लिहून घे. जो विकणारा याला तयार होत नाही त्याला त्याचं मशीन पावसात काय करतं ते माहीत आहे. आणि ज्याने हे मशीन आधी घेतलंय त्याच्या यार्डात जा, मालकाशी बोलू नकोस, ऑपरेटरशी बोल, चहा पाज, गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं ते विचार.

पण हे सगळं मागवायच्या आधी, पुढच्या महिनाभरात एक कर. बंदरावरची मासळी पंधरा दिवस काट्यावर रोज मोजून घे, एक टन म्हणतात तो खरंच एक टन आहे का. आणि एक छोटा ब्लोअर भाड्याने घेऊन, जुन्या गोठ्यात का होईना, १०-१५ घनमीटरचा एक ढीग रचून बघ. मूठभर मिश्रण दाबलंस तर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये, एवढी ओल. चौथ्या दिवशी मधोमध ५५ अंश गेलं पाहिजे. नाही गेलं तर रोजचे आकडे, ओल आणि काय किती मिसळलंस ते मला लिहून पाठव. आणि तुमच्या जागेच्या खालच्या अंगाला सगळ्यात जवळची विहीर किती पावलांवर आहे ते पण कळव, पत्रात लिहिलं नाहीयेस, टाकी कुठे खणायची ते त्यावर ठरेल.